कोट स्टुडिओचा, मान आपली

परदेशात शिकवायला जायचं ठरवलंत, अभिनंदन. घरी सांगितलं नसेल तर अजून सांगू नका, आधी फोटो काढून घ्या. घरी सांगितल्यावर चेहऱ्यावर जो भाव येतो तो आठवडाभर उतरत नाही, आणि बायोडेटावर तो बरा दिसत नाही.

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. लिहिणारीची पात्रता अशी : बी.एस्सी. गणित, बी.एड., विनाअनुदानित शाळेत चार वर्षं तासिका तत्त्वावर, मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत सहा वर्षं गणित, आणि या दोन नोकऱ्यांच्या मध्ये एका एजंटाच्या कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर अकरा दिवस. पदव्यांपेक्षा त्या खुर्चीवरचं शिक्षण इथे जास्त कामाला येईल.

जाण्याची कारणं मी विचारत नाही. मला माहीत आहेत. २०२३ सालापर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला महाराष्ट्रात महिन्याला ६,००० रुपये मानधन होतं, आता १६,००० आहे. विनाअनुदानितमध्ये काय मिळतं ते संस्थाचालकाला आणि तुम्हालाच ठाऊक, आणि सही किती रकमेवर केली तेही. आखात आपल्याला बरं वाटतं ते एवढ्यासाठीच नव्हे. आपली बी.एड. आणि सीबीएसईचं पुस्तक जिथे फार प्रश्न न विचारता चालतं असा परदेश तोच. दुबईतलं इंडियन हायस्कूल १९६१ सालचं, मस्कतमधलं इंडियन स्कूल १९७५ सालचं. म्हणजे आपल्या आधी दोन पिढ्या मास्तर तिथे फळा पुसून गेलेले आहेत.

आता फोटो.

फोटो सगळीकडे लागतो असं नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अर्जाला फोटो जोडलात तर समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं. उद्या कुणी म्हणेल, वर्ण बघून नाकारलं, वय बघून नाकारलं, त्यापेक्षा फोटोच नको. जपानमध्ये उलटं. तिथे अर्जाचा छापील कागद मिळतो आणि त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ४ बाय ३ सेंटीमीटरची चौकट आधीच आखलेली असते. कोरियात तर नोकरीसाठी फोटो काढणं हा स्वतंत्र धंदा आहे. जबडा निमुळता करून देतात, खांदे एका रेषेत आणतात, कातडी पेढ्यावरच्या वर्खासारखी करतात. तिथल्या सरकारने २०१७ साली सरकारी भरतीतून फोटो काढून टाकला. खाजगी इंग्रजी क्लासवाले मात्र मागतातच. अर्थात कोरियात इंग्रजी शिकवायचा नेहमीचा ई-टू व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टावर मिळतो आणि त्या सातांत आपण नाही, तेव्हा जबडा आहे तसा राहू द्या.

आखातात फोटो लागतो. माझ्या वेळी तर जाहिरातीतच लिहिलेलं असायचं : महिला, चाळीसच्या आत, हल्लीचा फोटो जोडावा. यातला 'हल्लीचा' शब्द महत्त्वाचा. लग्नाच्या अल्बममधून कापलेला फोटो पाठवणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला असतो.

स्टुडिओ शक्यतो एसटी स्टँडसमोरचा निवडावा. पुण्यामुंबईचे स्टुडिओ तुमचा फोटो काढतात, स्टँडसमोरचा तुमची काळजीही घेतो. आत शिरल्यावर आरसा असतो, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा असतो, त्याखाली पावडरचा डबा. कंगवा वापरायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पूर्वी तिथेच खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असायचा. माप एकच, तालुक्यातल्या सगळ्यात जाड माणसाचं. बारीक माणूस आला की मागून कपड्यांचे चिमटे लावायचे. समोरून सूट, मागून दोरीवरची धुणी. डेप्युटी इंजिनिअरपासून बीसीएसच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी तोच घातलेला. त्या कोटाला स्वतःचा असा एक वास होता आणि तो फोटोत येत नसे, एवढंच काय ते फोटोग्राफीचं थोरपण.

आता कोट कॉम्प्युटरमध्ये असतो. तुम्ही साडीत बसा, ड्रेसमध्ये बसा, दादा क्लिक करतो आणि म्हणतो, "ताई, कोट कुठला टाकू?" मग तुमची मान उचलून एका निळ्या कोटावर ठेवतो. मान जरा जास्तच लांब राहते, पण ते चालतं. चालत नाही ते मंगळसूत्र. माझ्या फोटोत माझं मंगळसूत्र मानेवरून खाली येऊन कॉलरपाशी संपतं, आणि तिथून पुढे मरून रंगाचा टाय सुरू होतो. दादाला म्हटलं, "अहो, टाय?" तो म्हणाला, "कोट टायसकटच येतो, ताई. वेगळा नाही मिळत."

याचा परिणाम कळायला मला चार महिने लागले. अंधेरीतल्या एका हॉटेलात मस्कतच्या शाळेच्या मुलाखती होत्या. आम्ही चाळीसेक जण लॉबीत बसलेलो, कुणी कराडचं, कुणी जळगावचं, बरेचसे केरळचे. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी टेबलावर आमचे बायोडेटे पत्त्यांसारखे मांडले होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्यातले पाच बाजूला काढले, एका रांगेत ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाचही जणांनी तोच निळा कोट घातला होता. बारीक रेघांचा, डाव्या कॉलरला तीच सुरकुती, तोच मरून टाय. कराड ते जळगाव सगळ्या दादांनी तो एकाच ठिकाणाहून डाउनलोड केला असणार. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकाच शाळेतले का? युनिफॉर्म छान आहे."

तेव्हा नियम असा : आपल्याच कपड्यात फोटो काढा. इस्त्रीची साडी, साधा ब्लाउज, पिना लावलेल्या. पुरुषांनी फुल शर्ट. कोट हवाच असेल तर कुणाचा तरी खराखुरा मागून आणा. त्याला बाह्या तरी असतात.

हसण्याबद्दल नेहमी विचारतात. पासपोर्टाच्या फोटोत हसायचं नाही. बायोडेटाच्या फोटोत किंचित हसायचं. किंचित म्हणजे किती? पालकसभेत एखादे बाबा "सर, माझा मुलगा घरी सगळं करतो, पेपरातच चुकतं" म्हणाले की आपण जेवढं हसतो, तेवढं. दात दिसू नयेत, पण आहेत हे कळावं. केसांना तेल चमकेल इतकं नको. चष्म्याच्या काचेत स्टुडिओचा दिवा दिसत असेल तर मान अर्धा इंच खाली. कान उघडे. टिकली लावत असाल तर लावा, पण बारीक. गजरा नको, तो मुलाखतीतही नको आणि विमानातही सुकतो. पार्श्वभूमी पांढरी. माप साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर आणि प्रती सोळा. आठ पुरतील असं दादा म्हणेल. पुरत नाहीत.

त्यानंतर दादा आवाज खाली आणून विचारतो, "एक शेड उजळ करू का? पैसे नाही घेणार."

इथे थोडं थांबते. फोटो मागणारे फोटोत जे बघतात ते पदवीवर लिहिलेलं नसतं. वय, रंग, जाडी, टापटीप, धर्म. तोंडाने यातलं काहीच विचारत नाहीत, म्हणून फोटो मागतात. दादाला हे मानसशास्त्र न शिकता कळलेलं आहे. मी तत्त्व म्हणून नको म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि त्याने केलंच. त्याचा हात आपोआप तिकडे जातो. तो फोटो बायोडेटावर गेला, बायोडेटावरून शाळेत, शाळेने तोच व्हिसाच्या अर्जाला लावला. मस्कतला उतरल्यावर काउंटरवरच्या अधिकाऱ्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मग त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या गोऱ्या बाईंकडे पाहिलं. मी म्हटलं, मीच. तो पुष्कळ वेळ माझ्या मंगळसूत्राकडे आणि फोटोतल्या टायकडे आळीपाळीने बघत राहिला. शिक्का मारला तो बहुधा कंटाळून.

नावाचं प्रकरण फोटोइतकंच अवघड आहे, पण कुणी त्यावर मार्गदर्शन करत नाही. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. बाहेरच्या देशातल्या कारकुनाला यातलं काही माहीत नसतं. तो शेवटचा शब्द आडनाव धरतो. त्या हिशोबाने मस्कतच्या शाळेच्या हजेरीपटावर मी सहा वर्षं 'मिस दत्तात्रय' होते. दत्तात्रय माझे वडील. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते, पण त्यांना कुणी मिस म्हटलं नव्हतं. सुट्टीत घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं झालं, नाव चाललं तरी."

तर लग्नाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत काढून ठेवा. पासपोर्टावर आहे तसंच नाव, त्याच क्रमाने, बायोडेटावर लिहा. 'उर्फ' लिहू नका. उर्फचा अर्थ विमानतळावर वेगळा होतो.

मग कागद प्रमाणित करून घेण्याचा प्रवास. आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग मुंबईत मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय. ओमान २०१२ पासून अपोस्टीलच्या करारात आहे, त्यामुळे तिथे जाणाऱ्याचं काम परराष्ट्र मंत्रालयाच्या एका चौकोनी स्टिकरवर भागतं. दुबईला जाणाऱ्याला पुढे अमिरातीच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. सगळं झाल्यावर पदवीच्या मागच्या बाजूला इतके शिक्के येतात की पुढची बाजू कुणी बघत नाही. हे काम स्वतः करता येतं. वेळ जातो, पण पाऊलवाट सरळ आहे. हेच काम एजंट 'पॅकेज'मध्ये करून देतो, आणि करून देताना मूळ पदवी स्वतःकडे ठेवून घेतो. देऊ नका. द्यावीच लागली तर तारखेसह पावती घ्या. मूळ पदवी एजंटच्या कपाटात असणं म्हणजे गाय दुसऱ्याच्या गोठ्यात आणि दावं आपल्या हातात.

एजंट आता आलाच आहे, तर बसून घ्या. खुर्ची हलते, सांभाळून.

एजंटचं कार्यालय बघताना नवशिका भिंतीकडे बघतो. भिंतीवर बुर्ज खलिफा असतो, विमान असतं, साईबाबा असतात आणि एका माणसाचा कुठल्या तरी शेखबरोबरचा फोटो असतो. शेखचा चेहरा जरा जास्त उजळ असतो, कारण तोही दादाने बसवलेला आहे. बघायची गोष्ट वेगळीच आहे आणि ती भिंतीवर असली तर दाराच्या मागे असते : नोंदणीचं प्रमाणपत्र. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयातल्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडून नोंदणी घ्यावी लागते. त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर टाकला की एजंट खरा आहे का, नोंदणी चालू आहे का, रद्द झाली आहे का, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम. मी अकरा दिवसांत नोंदणीचं विचारलंही नाही.

आणि घेता येणारी रक्कम ठरलेली आहे. उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि त्याची पावती. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे, तो कामगाराच्या माथी मारायचा नाही. ब्रिटनमध्ये १९७३च्या कायद्याने नोकरी मिळवून देण्याबद्दल एजन्सीने उमेदवाराकडून पैसे घ्यायचेच नाहीत. (ब्रिटनचं निघालंच आहे तर : २०२३पासून आपल्याकडच्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना इंग्लंडमधली शिक्षक पात्रता मागता येते. फोटो न लावता.)

हे नियम सांगितले की समोरचा नवशिका मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी लाखभर रुपये देऊन येतो. याचं मी बरंच चिंतन केलं आहे. आपण मूर्ख नाही. आपल्याला सवय आहे. आपल्याकडे अनुदानित संस्थेत मास्तर व्हायला किती द्यावे लागतात हे गावातल्या पारावरही माहीत असतं. सासरे जमीन विकतात, सोनं मोडतात, 'डोनेशन' देतात आणि पेढे वाटतात. अशा घरातला माणूस एजंटसमोर बसतो आणि ८५,००० ऐकतो तेव्हा त्याला फसवणूक दिसत नाही, सूट दिसते. इकडच्या भावाच्या मानाने स्वस्तच की. मला माझ्या एजंटने ८५,००० तीन हप्त्यांत मागितले आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. फाइल चार्ज, मेडिकल, सर्व्हिस. पावती मागितल्यावर तो दुखावला. "ताई, विश्वास नाही का?" विश्वास नाही असं आपण तोंडावर बोलत नाही. पावती राहिली.

आधी कुवेत होतं. पाचव्या दिवशी कुवेतचं 'क्लोज झालं' आणि मालदीव आलं. तिथल्या बेटांवरच्या शाळांत भारतीय शिक्षक पुष्कळ आहेत, हे खरंच आहे, त्यामुळे मला ते पटलं. एजंट म्हणाला, "आधी व्हिजिटवर जा, तिकडे पोचल्यावर कन्व्हर्ट होईल. व्हिसाचे पंधरा हजार वेगळे." मालदीवमध्ये भारतीय माणसाला उतरल्यावर विमानतळावर पर्यटक परवाना मिळतो. फुकट. त्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. म्हणजे पंधरा हजारांत तो मला एक फुकट गोष्ट विकत होता आणि तीसुद्धा चुकीची. नोकरीचा परवाना हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही, हा नियम मला एका अनोळखी बाईंनी सांगितला. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचा तेरावा दिवस होता.

सरकार यात काय करतं, असं तुम्ही विचाराल. आपल्या कायद्यात अठरा देश असे आहेत की तिथे नोकरीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाचा करार सरकारी अधिकारी तपासतो आणि मगच त्याला जाऊ देतो. आखाती देश त्यात आहेत. पण तुमच्या पासपोर्टावर ती अट येत नाही, कारण तुम्ही दहावी पास आहात. दहावी झाली की माणूस फसत नाही, असं शासनाचं मत आहे. आपण तर बी.एड.

म्हणून प्रश्न आपणच विचारायचे. शाळेचं नाव काय. शाळेचा स्वतःचा ईमेल आहे का, की जीमेलवर चाललंय. करारावर सही शाळेची आहे की तुमची. राहायला जागा शाळा देणार की भाडं, आणि जागा किती जणांत. तिकीट वर्षाला की दोन वर्षांनी. नोकरी सोडायची तर किती महिन्यांची नोटीस. पासपोर्ट कोण ठेवणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आमच्याकडे सेफ राहतो' असं आलं तर उठा, खुर्ची हलते म्हणून नव्हे. एजंट म्हणेल, "एवढे प्रश्न तर शाळासुद्धा विचारत नाही तुम्हाला." बरोबर आहे. शाळा फोटो बघते.

मला ८५,०००मधले ४०,००० परत मिळाले, बाकीच्यांसाठी माझ्या नवऱ्याने फोन करणं एक वर्षाने सोडलं. मस्कतची नोकरी मला लागली ती शाळेने स्वतः वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिरातीतून. अंधेरीचं हॉटेल, पाच निळे कोट, वीस मिनिटं डेमो. दहावीची त्रिकोणमिती मागितली होती. मी खडू हातात घेतला आणि फळा पांढरा निघाला, मार्करने लिहायचा. हल्ली हे सांगण्याची गरज नाही. पैसे? एक रुपया घेतला नाही. म्हणूनच घरात दोन दिवस कुणाचा विश्वास बसेना. सासरे म्हणाले, "फुकट देतायत म्हणजे शाळा बरी नसणार."

ऑफर लेटर आल्यावर मात्र त्यांचं मत एकदम बदललं. ओमानच्या रियालचे हजार बैसा होतात, त्यामुळे तिकडे दशांशचिन्हानंतर तीन आकडे लिहितात. पत्रावर पगार छापला होता : २५०.०००. सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं आणि सोफ्यावर बसले. अडीच लाख. महिन्याला. त्यांनी तो कागद शेजारच्या घरात नेऊन दाखवला, तिथून पतसंस्थेत नेला. संध्याकाळपर्यंत दोन जण माझ्या नवऱ्याकडे उसने पैसे मागून गेले. मी गणिताची बाई, पण ते टिंब त्या दिवशी मला कुणालाच समजावून सांगता आलं नाही. अडीचशे रियाल म्हणजे तेव्हाचे तीस हजारांच्या आसपास रुपये. तासिकेच्या मानाने ते डोंगराएवढे होते. पण अडीच लाखांवरून खाली उतरल्यावर घरात तिन्हीसांजेला जी शांतता पसरली ती मी आयुष्यात विसरणार नाही. तर पगार नेहमी तिकडच्या चलनात वाचा, टिंब बोटाने दाखवून वाचा, आणि घरात मोठ्याने वाचायच्या आधी एकदा मनात वाचा. एजंट पगार रुपयांतच सांगतो. त्याला टिंबाची अडचण नसते.

बाकीचं सोपं आहे. पोलिसांचं प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. वैद्यकीय तपासणी नेमून दिलेल्या केंद्रातच करावी लागते. सामानात फळा पुसायचा डस्टर नेऊ नका, लोणचं दुहेरी पिशवीत बांधा.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या शाळेतल्या एका मुलीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. बी.एड. झालेय, दुबईला जायचंय, "मॅडम, बायोडेटासाठी कसा आहे बघा ना." मी फोटो मोठा करून पाहिला. बारीक रेघांचा निळा कोट. डाव्या कॉलरला सुरकुती. टाय आता गुलाबी आहे, म्हणजे दादाने प्रगती केली आहे.

मी लिहिलं, 'आपल्या ड्रेसमध्ये परत काढ, कान दिसू देत. आणि एजंटचा नोंदणी क्रमांक पाठव.'

वीस मिनिटांत नवा फोटो आला. छान आहे. नोंदणी क्रमांकाचं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ते सर चिडतील."

मी अजून टाइप करतेय.